माझ्याकडं राहिलेलं आमेन

आमच्या घरात प्रार्थना तिची आणि आमेन माझं. लग्न झाल्यापासून हीच वाटणी. ती पदर डोक्यावर घ्यायची, डोळे मिटायची आणि देवाशी बोलायची. मी डोळे उघडे ठेवून तिच्या ओठांकडं बघत बसायचो. ओठ थांबले की म्हणायचो, आमेन. एवढाच माझा धर्म. चर्चच्या मंडळीतले लोक म्हणायचे, म्हातारा म्हातारी दोघं लई भाविक. भाविक ती होती. मला स्वतःहून देवाशी दोन शब्द कधी बोलता आले नाहीत. आता ती नाही. भाकरी ताटात घेतो आणि बसून राहतो. प्रार्थनाच झाली नाही तर आमेन कशावर म्हणायचं?

डोळे उघडे ठेवायचं कारण सांगतो. टॉवेलच्या कारखान्यात माग चालवून चालवून माझे कान गेले. चोवीस माग एका पत्र्याखाली खडखडत असतात, तिथं शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. ओठ बघून समजून घ्यायचं. नाही समजलं तर मान हलवायची. तीच सवय घरी आली. तिची प्रार्थना मी अर्धी ऐकायचो, अर्धी ओठांवरून ओळखायचो, आणि कधीकधी नुसतीच मान हलवायचो. तिला ते माहीत होतं. चिडायची नाही.

मी मूळचा जेऊरकडचा. चौथीत नापास झालो आणि मामाबरोबर सोलापूरला मागावर आलो. तिचा बाप मिशनच्या बंगल्यावर माळी होता. तिची शाळा सातवीपर्यंत झालेली. आमचं जमलं कसं ते सांगण्यासारखं नाही, पण तिच्या बापानं एकच अट घातली. मी बाप्तिस्मा घेतला तो तिच्यासाठी. खरं सांगतो, देवासाठी नाही.

पहिल्या रविवारी मिशनच्या देवळात गेलो. पाळकांची प्रार्थना संपली. सगळे काहीतरी पुटपुटले. मला वाटलं आपणही म्हणावं. कारखान्यात माझ्या शेजारच्या मागावर एक मुसलमान दोस्त होता. त्याची दुआ संपली की तो दोन्ही हात तोंडावरून फिरवून म्हणायचा तसंच मी म्हटलं, "आमीन." हातही तोंडावरून फिरवले. आणि आवाज कारखान्यातला. पुढच्या बाकावरच्या बाया वळून बघायला लागल्या. तिची मावशी पदरात तोंड घालून हसत होती. घरी येताना सात रस्त्याच्या गर्दीत हिचं हसणं थांबेना. भर रस्त्यात उभी राहून हसली.

"अवो, आमीन न्हाई, आमेन."

"एकच की."

"एकच हाय. पन इतकं मोट्यानं? देव काय तुमच्या कारखान्यात बसलाय व्हय?"

त्या दिवसापासून घरात कधी माझा आवाज चढला की ती म्हणायची, झालं, आमीन झालं.

ती घरी बसून चादरीच्या दशा वळायची. चादर मागावरून उतरली की दोन्ही टोकांना सुटे दोरे लोंबतात, त्या दशा. चार-चार दोरे मांडीवर घेऊन वळायचे आणि खाली गाठ मारायची. गाठ नाही मारली तर पहिल्याच धुण्यात चादर टोकापासून उसवत जाते. तिच्या मांडीला ते दोरे वळून वळून घट्टे पडले होते. एकदा मी आमेन म्हणायचं विसरलो आणि भाकरीला हात घातला, तर माझा हात धरून म्हणाली, "माजी पार्थना म्हंजे चादर समजा. तुमची गाट न्हाई बसली तर सगळी उसवंल." ती थट्टेत म्हणाली. माझ्या डोक्यात मात्र ते पक्कं बसलं. माझ्या आमेनशिवाय तिचं बोलणं वर पोचत नाही, असंच मी धरून चाललो. अडाणी माणसाचं डोकं असंच चालतं.

आणि म्हणूनच पुढं जे झालं ते झालं.

आमची पहिली मुलगी दीड वर्षाची असताना तापानं फणफणली. दवाखान्यात खाट मिळाली नाही, व्हरांड्यात चटईवर होतो. तिसऱ्या दिवशी पोरगी डोळे उघडेना. हिनं तिच्या कपाळावर हात ठेवला आणि प्रार्थना केली. लांबलचक केली. शेवटी म्हणाली, तुजी विच्छा आसंल तसं कर. मी म्हटलं, आमेन. सकाळी पोरगी गेली.

हिला मी कधी काही बोललो नाही. पण माझ्या मनात एकच. माझं आमेन म्हणजे कागदावरचा अंगठा, आणि तो मी दिला. ती म्हणाली तुझी इच्छा, आणि मी विचार न करता अंगठा उठवून मोकळा झालो. मागाशेजारी उभा राहून मान हलवतो तशी हलवली. तेव्हापासून तिच्या प्रार्थनेत "तुजी विच्छा" आलं की माझं आमेन घशातच राहायचं. ओठ हलवायचो, आवाज नाही. तिनं ते ओळखलं होतं का? ओळखलं असणार. तिनं कधी विचारलं नाही.

नंतर मुलगा झाला. शिकला, पुण्याला कंपनीत लागला. कारखाना मालकानं विकला, माग भंगारात गेले, मी एका शाळेच्या फाटकावर राखण करायला लागलो. घराचा पत्रा उडाला, परत घातला. प्रत्येक वेळी तिची प्रार्थना, माझं आमेन. गेलं की निभावून.

मग तिच्या पोटात दुखायला लागलं. डॉक्टर म्हणाले, गाठ आहे. आयुष्यभर गाठी मारणाऱ्या बाईला डॉक्टर दुसरं काही सांगू शकले नसते काय? वर्षभर सुया, सलाईन, केस गेले, अंगावर मांस राहिलं नाही. शेवटी म्हणाले, घरी न्या. ह्याचा अर्थ मलाही कळत होता.

एप्रिल होता. पत्र्याखाली भट्टी. मुलगा रजा काढून आला होता, तिच्या पायाशी बसून असायचा. तिच्या खाटेवर मी ओला टॉवेल घालायचो, अर्ध्या तासात कोरडा. आमच्या भागात पाणी पाचव्या दिवशी येतं. तो पाण्याचा दिवस होता. दुपारी नळाला हात लावला तर थरथरत होता, म्हणजे आता येणार. मी पाइप जोडत होतो तेवढ्यात मुलगा बाहेर आला. म्हणाला, आप्पा, आई बोलावतेय, आणि परत आत जाऊन तिच्या पायाशी बसला.

आत गेलो. तिनं डोक्यावर पदर घ्यायचा प्रयत्न केला, हात उचलेना, तर मी घेतला. केस नव्हतेच, पदर घसरत होता. तिनं डोळे मिटले. मला ऐकू येण्याएवढा आवाज तर नव्हताच, ओठ दिसत होते. मी बघत होतो.

ती म्हणाली, देवबापा, लई झालं. मला आता तुज्याकडं ने.

एवढं मी ओठांवरून वाचलं आणि पुढचं वाचलं नाही. मला व्हरांड्यातली चटई दिसली. तेच बोलणं. आणि आता ही थांबणार आणि माझ्याकडं बघणार, आणि मी अंगठा देणार. मी मनात म्हटलं, नाही. ह्या वेळी नाही. अंगठ्याशिवाय कागद पुढं सरकत नाही. सरकू देत नाही मी.

ओठ अजून हलत होते. मी उठलो. म्हटलं, पाणी जाईल.

बाहेर येऊन मी बॅरल भरलं. मग दुसरं भरलं. मग घागरी, बादल्या, पातेली, तिचं दशांचं काम ठेवायचं प्लास्टिकचं टोपलंसुद्धा भरलं. त्यातून पाणी गळत होतं तरी भरत होतो. नळ बंद झाल्यावर आत गेलो. तिनं माझ्याकडं बघितलं. लई वेळ बघितलं. म्हणाली, "म्हना की."

मी काही म्हटलं नाही. टॉवेल ओला केला आणि तिच्या छातीवर घातला.

संध्याकाळपासून तिची वाचा बंद झाली. दोन दिवस नुसता श्वास होता. तिसऱ्या सकाळी तोही थांबला. माझ्या आमेनवाचूनच.

दफन झालं. मंडळीतली सगळी आली होती. मातीवर पाळकांनी प्रार्थना केली, सगळे आमेन म्हणाले, मी तोंड उघडलं नाही. कसं उघडू? तिचं आमेन बाकी असताना दुसऱ्या कुणाला आधी कसं देऊ? आणि तिला द्यायचं तर ती कुठाय? एवढं एकच मागितलं होतं बाईनं. आयुष्यभर मी तिला साडी दिली नाही धड, माहेरी पाठवलं नाही धड. शेवटी एक शब्द मागितला आणि मी पाणी भरायला गेलो. लोक येऊन सांगायचे, काका, ती प्रभूघरी आहे, सुखात आहे. मी त्यांच्याकडं बघायचो. मला दिसायची खाटेवर डोळे उघडे ठेवून वाट बघणारी.

दर रविवारी मी शेवटच्या बाकावर बसायचो. आमेन आलं की दात दाबून बसायचो. येशूनं हात पसरलेलं चित्र समोरच्या भिंतीवर आहे. त्याच्याकडं बघून मनात म्हणायचो, आधी पोरगी माझ्या तोंडातून काढून घेतलीस, आता ही माझ्या तोंडाशिवाय घेतलीस. मग माझं तोंड तुला पाहिजे कशाला?

एकदा बसनं होटगीला गेलो. तिथं माझं कुणी नाही. कशाला गेलो ते लिहीत नाही. रुळांच्या कडेला दगडावर बसलो. दोन मालगाड्या गेल्या. तिसरी येताना दिसली तेव्हा डोक्यात आलं, उद्या पाण्याचा दिवस. नळ सुटेल आणि घरात माणूस नाही. उठलो आणि परत आलो. ज्या पाण्यासाठी तिला टाकून गेलो त्याच पाण्यासाठी परत आलो. ह्यात देवाचा हात आहे असं मला त्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर मी त्याला दगड मारला असता.

पाळक तरुण आहेत. घरी आले तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, काका, देव आपल्या आमेनवर अडून बसत नाही. त्यांना वाटलं मी मोकळा होईन. मी म्हटलं, मग चाळीस वर्षं मी काय नुसती मान हलवत होतो?  ते उठून गेले नाहीत. माझा हात धरून बसून राहिले, चहा गार होईपर्यंत. शिकवण विसरलो, तो हात लक्षात आहे.

तो जुना मुसलमान दोस्तही यायचा. दोघंही ठार बहिरे, त्यामुळे आमचं बोलणं गल्लीला ऐकू जातं. बेकरीतून बटर आणायचा, चहात बुडवून दोघं खायचो. त्यालाही सांगितलं. तो बटर हातात तसाच धरून ऐकत राहिला, बटर मोडून चहात पडलं.

म्हणाला, "दुआ भाभी की थी. तू कायको अटका के रख्या?"

मी म्हटलं, आता कुणाला सांगू? वेळ गेली.

तर म्हणाला, "मेरे कान गए. मैं नमाज में पीछे की लाइन में खडा रहता. सबां आमीन बोल को हो जाते, मैं बाद में बोलता. अकेलाच. पोट्टे हँसते. फिर बी बोलता ना?"

मी हसलो. कित्येक महिन्यांनी. पण तो गेल्यावर भाकरी समोर घेतली आणि तोंड पुन्हा तसंच. त्याला उशीर झाला तरी नमाज चालूच असते. माझं माणूसच मातीत गेलं होतं.

वर्ष होत आलं तेव्हा मुलगा मला न्यायला आला. पुण्याला चला म्हणाला. मी म्हटलं, येत नाही. तो म्हणाला, हितं काय हाय आता?  इथं काय आहे ते त्याला कसं सांगणार? इथं तिचं अर्धं राहिलेलं काम आहे आणि त्याला माझ्याशिवाय कुणी हात लावू शकत नाही, असं म्हटलं तर तो मला डॉक्टरकडं नेईल.

दुसऱ्या दिवशी पाणी आलं. बापलेक दोघं भरायला लागलो. मी पाइप धरला, तो बादल्या आत नेत होता. तेच ऊन. मध्येच तो थांबला आणि म्हणाला, आप्पा, त्या दिवशीसुद्धा तुम्ही असंच भरत होता. मला वाटलं आता हा मला विचारणार, का गेलात म्हणून. पाइप माझ्या हातातून सुटला, सगळं अंगण ओलं झालं. त्यानं पाइप उचलला, बॅरलमध्ये सोडला आणि माझ्या कानाजवळ येऊन बोलला.

"तुम्ही गेलात तरी आई थांबली नव्हती, आप्पा. पुढं बोलत होती."

मी विचारलं, काय?

तो म्हणाला, आई म्हणत होती, देवबापा, ह्येंनला तुज्याशी बोलाया शिकव. ह्ये माज्याशिवाय कुणाशी बोललेले न्हाईत. मी गेल्यावर ह्येंनी कुणाशी बोलायचं?

बॅरल भरून वाहायला लागलं. दोघांपैकी कुणी नळ बंद केला नाही.

मी विचारलं, "मग तू म्हनलास का? आमेन?"

"म्हणणार होतो. तर आईनं बोट हलवून थांबवलं. म्हणाली, तू नको म्हनू. त्ये तुज्या आप्पाचं हाय. म्हनतील सावकाश."

एवढ्या महिन्यांत का सांगितलं नाहीस, असं मी त्याला विचारलं नाही. त्याला सांगायला वाव तरी कुठं मिळाला होता? मी तोंड बंद करून बसलेला माणूस.

मी आत गेलो. तिची खाट मी अजून काढलेली नाही. तिच्या कडेला जिथं बसलो होतो तिथंच बसलो. सावकाश म्हणतील. तिला माहीत होतं. मी उठून गेलो ते भिऊन गेलो, हे तिला तिथं पडल्या पडल्या कळलं होतं. व्हरांड्यातली चटई तिलाही आठवत असणार. म्हणून ती म्हणाली नाही की गेला, टाकून गेला. ती म्हणाली, सावकाश. आणि मी वर्षभर तिला डोळे उघडे ठेवून खाटेवर ताटकळत बसवली होती.

बाहेर पाणी वाहत होतं. मी तिची प्रार्थना पहिल्यापासून मनात म्हटली. लई झालं. मला तुज्याकडं ने. ह्येंनला बोलाया शिकव. मग थांबलो. सुनं घर. म्हटलं, "आमेन."

आवाज कारखान्यातला निघाला. बाहेर मुलानं बादली खाली ठेवल्याचं मला ऐकू आलं, म्हणजे केवढ्यानं ठेवली असेल बघा.

बरं वाटलं असं लिहिणार नाही. त्या क्षणाला ती गेली. मातीत ठेवली त्या दिवशी गेली नव्हती, माझ्या गप्प बसण्यात तिला मी अडकवून ठेवली होती. आता सोडली. मी खाटेच्या लाकडाला धरून लहान पोरासारखा रडलो. पण एक गोष्ट झाली. मी तिला सोडली ती कुठंतरी सोडली, कुणाच्या तरी हातात. नुसतं खाली पडू दिलं नाही. तो हात मला दिसला नाही. तिला दिसत होता एवढं मला पुरेसं आहे, सध्या तरी.

मुलगा एकटाच पुण्याला परत गेला. मी इथंच आहे. पाचव्या दिवशी पाणी भरतो. तिचं टोपलं तसंच आहे, त्यातल्या चादरीच्या चारपाच दशा वळायच्या राहिल्यात, त्या मला जमत नाहीत.

भाकरी समोर घेतली की आता बोलायचा प्रयत्न करतो. देवबापा म्हणतो आणि पुढं काही सुचत नाही. कधी म्हणतो, आज ऊन लई होतं. कधी म्हणतो, पोरगी घेतलीस ते मला अजून पटलं नाही. कधी नुसतंच देवबापा. चुकत असेल. ती असती तर हसली असती.

पूर्वी तिच्या ओठांवर नजर ठेवून बसायचो. आता समोर कुणाचे ओठ नाहीत. म्हणून डोळे मिटून घेतो.